गावखरीचा कस गेला कुठे

तापीकाठच्या हिंगवाडे गावात दोन गोष्टींचं कारण कोणी कोणाला विचारत नसे. पहिली, मारुतीचं तोंड गावाकडे नसून नंदुरबारच्या रस्त्याकडे का आहे. दुसरी, बन्सीलाल पाटलांच्या गावखरीत मिरची इतकी का पिकते. पहिलीचं उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. दुसरीचं सगळ्यांना माहीत होतं, पण ते देवळाच्या पायरीवर बसून बोलण्यासारखं नव्हतं.

गावखरी म्हणजे गावाला खेटून असलेलं वावर. घरांची मागची भिंत संपली की ते सुरू होई. सकाळी तांबडं फुटायच्या आधी लोटा घेऊन निघालेला माणूस फार लांब जात नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. हिंगवाड्याची माणसंही माणसंच होती. उन्हाळ्यात वावर मोकळं असे तेव्हा वावरभर, पीक उभं राहिलं की बांधाच्या कडेने, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता. पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी. त्या वावरातली मिरची छातीला लागे. रंग असा की नंदुरबारचे व्यापारी पोतं उघडायच्या आधीच विचारत, "गावखरीची का?"

बन्सीलालच्या मते हे सगळं वाडवडिलांच्या पुण्याईने होत होतं. थोडं त्याच्या स्वतःच्या हुशारीने. पुण्याई आणि हुशारी यांचं प्रमाण तो समोरचा माणूस बघून ठरवी.

मिरचीची पहिली गाडी गावातून निघण्याचाही एक रिवाज होता. ज्याच्या खळ्यावर सगळ्यांत चांगली मिरची, त्याची गाडी पुढे. बैलांची शिंगं रंगवायची, मारुतीपुढे नारळ फोडायचा, आणि आदल्या वर्षी ज्याची गाडी पुढे होती त्याने नव्या मानकऱ्याच्या कपाळाला टिळा लावून, बैलांचा कासरा धरून, गाडी शिवेपर्यंत पोचवायची. बन्सीलालच्या घरी हा मान इतकी वर्षं होता की टिळा लावायला दुसरं कोणी नसे. तो आरशात बघून स्वतःच लावून घेई.

धाकटा भाऊ रतिलाल याला वाटणीत नाल्यापलीकडचं वावर मिळालं होतं. पांढरी माती आणि गोटे. मोठ्याने आधी निवडायचं, हा नियम मोठ्यानेच सांगितला होता. रतिलाल तेव्हा काही बोलला नाही, आणि नंतरही बोलला नाही. म्हणजे बन्सीलालशी बोललाच नाही. अगदीच गरज पडली तर तो बैलाशी बोले. "ढवळ्या, सांग रे त्यासले, पानी सोडेल शे पाटमा." बन्सीलालही मग आपल्या बैलाला उत्तर सांगे. दोन्ही घरचे बैल त्यामुळे बरेच समजूतदार झाले होते.

अशा वेळी गावात गटविकासवाले आले, आणि बन्सीलाल सरपंच झाला.

ग्रामसेवक मनाचा चांगला माणूस होता. त्याने चावडीच्या भिंतीवर माशीचं चित्र टांगलं. माशी म्हशीएवढी होती. गावातल्या बायका दोन दिवस घरात पदर तोंडाला लावून वावरल्या. "स्वच्छता घरापासून सुरू होते," असं ग्रामसेवक म्हणाला. बन्सीलालला ते पटलं, फक्त त्याने घराऐवजी वावर धरलं. आठवड्याच्या आत गावखरीला बाभळीच्या काट्यांचं आणि थुवर-निवडुंगाचं भक्कम कुंपण पडलं. एकच वाट ठेवली, आणि त्या वाटेवर आपला सालदार गडी उखा याला काठी घेऊन बसवलं.

"उखा, आजपासून इथे कोणी लोटा घेऊन यायचं नाही," बन्सीलालने गावादेखत सांगितलं. "पाहुणा येवो, पुढारी येवो. अरे, मी आलो तरी सोडायचं नाही! समजलं?"

"समजनं," उखा म्हणाला.

टाळ्या वाजल्या. ग्रामसेवकाने ते वाक्य वरच्या कचेरीत कळवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बन्सीलाल सवयीने लोटा घेऊन गावखरीच्या वाटेवर आला. उखाने काठी आडवी धरली.

"कोन शे?"

"अरे, मी!"

"मी म्हणजे कोन?"

"बन्सीलाल! सरपंच!"

"सरपंचनीच सांगेल शे," उखा म्हणाला, "मी उनू तरी सोडू नको."

वाद घालायची ती वेळ नव्हती. बन्सीलाल घाईघाईने नाला ओलांडून पलीकडे गेला. तिथे अर्धं गाव आधीच पोचलेलं होतं. अंधार होता म्हणून कोणी कोणाला रामराम केला नाही.

हे एकदा झालं आणि मग रोज होऊ लागलं. उखाला हुकूम बदलून सांगणं म्हणजे गावादेखत बोललेलं गिळणं. सरपंच माणसाला लोटा घेऊन चार पावलं जास्त चालणं त्यापेक्षा सोपं वाटलं.

*

पहिल्या वर्षी गावखरीची मिरची जरा खुजी आली. बन्सीलाल म्हणाला, पाऊस. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली आणि मिरची अशी आली की तोडणाऱ्या बायका एकमेकींना दाखवून हसू लागल्या. आणि नाल्यापलीकडे, त्या गोट्यांच्या वावरात, रतिलालची मिरची काळीभोर उभी होती.

कारणं सांगायला गाव कमी पडलं नाही. कोणी म्हणालं, दृष्ट. कोणी म्हणालं, बियाणं म्हातारं झालं. त्याच सुमाराला रशियाने आकाशात एक गोळा सोडल्याची बातमी आली होती. तो नेमका गावखरीवरून जातो असं देवळात ठरलं. पण मग रतिलालच्या वावरावरून तो वाट वाकडी करून का जातो, हे कोणाला सांगता येईना.

ग्रामसेवकाने पोत्यातलं पांढरं खत आणून दिलं. बन्सीलालने ते चार सऱ्यांना घातलं. पानं आठ-पंधरा दिवस हिरवीगार झाली आणि मग परत पिवळी. यात्रेत ताडी पिऊन नाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिसतो तशी. "अजून टाका," ग्रामसेवक म्हणाला. बन्सीलालने विचार केला. खताला तो नाही म्हणत नव्हता. पण जे आपोआप होत होतं ते आता पोत्यातून का आणावं लागतं, हे कळल्याशिवाय त्याला झोप येणार नव्हती.

कारण दिवाळी उलटली होती, मिरची लाल होत होती, आणि यंदा पहिली गाडी रतिलालची, हे देवळाच्या पायरीवर लोक उघड बोलू लागले होते. म्हणजे टिळा लावायचा बन्सीलालने. बैलांचा कासरा धरायचा बन्सीलालने. ज्या भावाशी तोंडाने बोलणं नाही, त्याच्या बैलापुढे गावादेखत शिवेपर्यंत चालायचं. बैल मध्यस्थ होता हे खरं, पण इतकाही नाही.

म्हणून बन्सीलाल गावखरीचा कस शोधायला निघाला.

आधी त्याने मातीची चव घेतली. जुनी माणसं घेत. गावखरीची माती त्याला फिकी लागली. मग दोन फुटकी मडकी घेतली, एकात गावखरीची जुनी माती, म्हणजे घराच्या पायाजवळची, आणि दुसऱ्यात मधल्या वावरातली. दोन्हीत मिरचीची रोपं लावून ओट्यावर ठेवली. पायाजवळचं रोप तरारलं, मधलं किडमिडीत राहिलं. म्हणजे बी दोषी नाही, पाऊस दोषी नाही, रशियाही नाही. मातीतूनच काहीतरी निघून गेलंय.

"गेलं तर कुठे गेलं?" तो मडक्यांना विचारी. शेजारून जाणारी माणसं थांबून बघत आणि मान हलवून पुढे जात. बैलांनंतर सरपंच आता मडक्यांशी बोलू लागला, ही बातमी पार प्रकाशा गावापर्यंत गेली.

मग त्याने उलट्या बाजूने विचार केला. मिरची कशाने बनते? मातीने. मिरची जाते कुठे? नंदुरबारला. तिथून रेल्वेने सुरतेला, मुंबईला. दरवर्षी गाड्याच्या गाड्या भरून माती गावातून जाते, लाल रंगाची. आणि मुंबईहून परत काय येतं? साबण आणि काडेपेट्या. साबणाने मिरची पिकत नाही. मग इतक्या पिढ्या गावखरी रिकामी कशी झाली नाही? जात होतं तर कुठून तरी येतही असलं पाहिजे. कोण आणत होतं? आणि त्याने आणायचं बंद का केलं?

हा प्रश्न त्याला इतका आवडला की तो जेवताना हसला. दगूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, मीठ-मोहऱ्या ओवाळायची तयारी केली.

पहिला संशय तिच्याच चुलीवर आला. शेण गोठ्यातून निघतं, त्याच्या गोवऱ्या होतात, गोवऱ्यांचा धूर होतो.

"कस धुराड्यातून चाललाय," बन्सीलाल वर बघत म्हणाला.

"मंग चूल कशावर पेटाडू?" दगूबाई म्हणाली. "तुम्हनी सरपंचकीवर? गोवऱ्या काय मी यंदाच थापी ऱ्हायनू का? तुम्हनी माय थापे, तिनी सासू थापे. तवय नही गया तो कस वरथीन?"

हे बरोबर होतं. गोवऱ्या जुन्या होत्या. राखही जुनी होती, आणि ती उकिरड्यावर पडून वावरात परत जातच होती. नवीन काय झालं ते शोधायला हवं होतं.

मग तो घरोघर फिरून विचारू लागला, "तुमच्याकडे काय काय टाकता? आणि कुठे टाकता?" भाजीची देठं, भांड्याचं पाणी, केर, जनावरांची वैरण, सगळं विचारलं. लोक मोकळेपणाने सांगत. पण एक गोष्ट विचारायची राहून जात होती, आणि ती कोणी आपणहून सांगतही नव्हतं. प्रत्येक घरातून निघताना मागे खुदखुद ऐकू येई. बन्सीलालला वाटे, आपण लोकप्रिय होत आहोत.

शेवटी त्याने ठरवलं, रतिलालच्या वावरातली मूठभर माती आणून तिसऱ्या मडक्यात घालायची. उघड मागणं शक्य नव्हतं. बैलामार्फत माती मागता येत नाही. पण रोज पहाटे तो तिथे जातच होता.

त्या दिवशी तो मुद्दाम उशिरा गेला, चांगलं दिसू लागल्यावर, म्हणजे गर्दी ओसरलेली असेल. रोज अंधारातच आल्यामुळे कुंपण पडल्यापासून त्याने हे वावर उजेडात जवळून पाहिलंच नव्हतं. बांधाच्या कडेने पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचे, नीट बांधलेले आडोसे उभे होते. प्रत्येक आडोशामागे मातीचा ढीग आणि एक खापर, झाकून टाकण्यासाठी. टोकाला पाण्याचा रांजण. आडोसे पुढे सरकत आलेले होते, हे मागच्या मऊ, भुसभुशीत पट्ट्यावरून कळत होतं. त्या पट्ट्यात मिरची छातीला लागत होती.

आणि बांधावर, आडोशांच्या मागच्या जुन्या जागी, बन्सीलालला लालभडक काहीतरी दिसलं.

टमाटे होते. एक-दोन नव्हे, रांगच्या रांग, आपोआप उगवलेली, फळांनी वाकलेली.

त्याने एक टमाटा तोडला आणि हातात धरून उभा राहिला. टमाटा हिंगवाड्यात कोणी खात नसे. तो चिरला की मांसासारखा दिसतो, असं गावातल्या गुजर मंडळींचं ठाम मत होतं. भिलाटीतली माणसंही त्याला हात लावत नसत, त्यांना तो आंबट पाण्याची पिशवी वाटे. रतिलालच्या घरी तर बी पण शिरलं नव्हतं. गावात टमाटा खाणारं घर एकच. बन्सीलालची सून गजरा गुजरातेतल्या व्याऱ्याकडची, तिने माहेरून बी आणून परसात लावलं होतं. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. मग तिने कांदा घालून चटणी केली, आणि दोन वर्षं झाली, बन्सीलालला त्या चटणीशिवाय भाकरी उतरत नव्हती. बियांसकट.

बन्सीलाल हळूच खाली बसला. कस शोधणारा माणूस चोराच्या मागावर निघाला होता, आणि चोराच्या घरात त्याला स्वतःची चप्पल सापडली होती.

"कोन शे?" आडोशामागून आवाज आला. रतिलाल हातात पऱ्हाट्यांचा भारा घेऊन उभा होता. मोठा भाऊ आपल्या बांधावर उकिडवा बसलेला, एका हातात लोटा, दुसऱ्या हातात टमाटा. असा प्रसंग बैलामार्फत निभावत नाही. जवळपास बैल नव्हताही.

"काय करी ऱ्हायना, दादा?" रतिलालने विचारलं. वाटणीनंतरचं ते पहिलं थेट वाक्य.

"बघतोय," बन्सीलाल म्हणाला. मग त्याला वाटलं, एवढ्यावर भागणार नाही. "हे टमाटे कोणाचे?"

"वावर मन्हं शे," रतिलाल म्हणाला. "बी तुन्हं शे. आते कोर्टमा जावानं का?"

"तुला माहीत होतं?"

"दादा, तू रोज येस. मी कधी काही बोलनू का?" रतिलालने भारा खाली ठेवला. "तुन्ही कुंपण घालं तवय बठं गाव मन्हा दारशी उनं. माले बी राग उना. मी पन काटा लावणार व्हतू. मंग मी इचार करा, गावखरीमा असं काय व्हतं जे मन्हा वावरमा नव्हतं? पानी तर एकच, नाला मधमा. मंग मी आडोसा बांधा."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"ढवळ्याले सांगं व्हतं," रतिलाल म्हणाला. "त्यानी नही सांगं का?"

बन्सीलालला हसू आलं, पण मोठेपणाने ते दाबलं. त्याने टमाट्याकडे पाहिलं. म्हणजे आणणारा कोणी एक नव्हताच. गावच गावखरीला रोज परत देत होतं, गाडीभर घेतलेल्यातलं लोटाभर, न मोजता, अंधारात. आणि त्याने काठीवाला बसवून ते बंद केलं होतं. स्वच्छता झाली होती, हे खोटं नव्हे. पण माशीचं चित्र होतं, तसं याचं चित्र चावडीवर कोणी टांगलं नव्हतं.

"एक सांग," तो म्हणाला. "आपली मिरची मुंबईला जाते. तिथली माणसं ती खातात. मग तिथलं सगळं जातं कुठे?"

रतिलाल मिरची विकायला एकदा मुंबईपर्यंत जाऊन आला होता. "दर्यामा," तो म्हणाला. "पाईप शेतस. दनदन चालनं दर्यामा."

"सगळं?"

"बठं."

बन्सीलालने हातातला टमाटा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे तिथले मासे तिखट असणार," तो शेवटी म्हणाला.

"आपन कोठे खातस?" रतिलाल म्हणाला.

*

पहिल्या गाडीच्या दिवशी मारुतीपुढे सगळं गाव जमलं. टिळ्यापेक्षा लोकांना भांडण बघायचं होतं. रतिलालच्या बैलांची शिंगं निळी रंगवली होती, ढवळ्याच्या गळ्यात घुंगरं होती. दगूबाईने ताटली पुढे केली. बन्सीलालने बोट कुंकवात बुडवलं आणि क्षणभर थांबला. इतकी वर्षं त्याला आरशात लावायची सवय होती, त्यामुळे बोट चुकून स्वतःच्या कपाळाकडे वळलं. गाव श्वास रोखून बघत होतं. बोट परत फिरलं आणि रतिलालच्या कपाळाला टेकलं.

मग त्याने कासरा धरला. शिवेपर्यंतची वाट तशी लांब नव्हती. चालता चालता बन्सीलाल ढवळ्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "ढवळ्या, विचार रे याला, आपली वाटणी झाली तेव्हा घर वाटलं, वावर वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं. पण गाव वाटायचं राहून गेलं का?"

"ढवळ्याले काय इचारस?" रतिलाल गाडीवरून म्हणाला. "माले इचार ना. मी शे ना आठे."

बन्सीलालने वर पाहिलं. "गाव वाटायचं राहिलंय," तो म्हणाला.

"एक वरीस तुन्हं, एक वरीस मन्हं," रतिलाल म्हणाला. "ज्यानं वरीस त्याना आडोसा, त्याना रांजण. झाकानं काम बी त्यानंच. ग्रामसेवकले सांगी दे, माशी बसाव नही."

"आधी माझं वर्ष," बन्सीलाल म्हणाला. "मोठ्याने आधी निवडायचं."

"लई ले," रतिलाल म्हणाला. "पन दखजो हां दादा, माणसं आडोसाले येतस, हुकूमले नही."

शीव आली. बन्सीलालने कासरा सोडला आणि ओरडून सांगितलं, "गाडी मोकळी परत आणू नको रे! नंदुरबारात म्युन्सिपालटीचं सोनखत मिळतं का ते बघ. आपलंच असेल त्यात थोडं!"

मागच्या गाडीवाल्यांनी हे ऐकून नाक धरलं. पण त्यातल्या दोघांनी परत येताना सोनखताची चौकशी केली, हे नंतर कळलं.

त्या संध्याकाळी दोघा भावांच्या बायकांनी मिळून निम्मे आडोसे नाला ओलांडून गावखरीत आणले. दगूबाई आणि तिची जाऊ काड्या बांधत बसल्या, आणि गजरा डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी राहिली. सासऱ्याशी सरळ बोलायची तिच्या घरात रीत नव्हती.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, बन्सीलाल दोन हातांच्या अंतरावर उभा असताना, "मामंजीसले सांगा, यंदा टमाटासंगे भोपळाबी करू का चटणीमा? त्यान्या बिया मोठल्या ऱ्हातस."

"ती म्हणस," दगूबाई नवऱ्याकडे वळली.

"ऐकलं मी," बन्सीलाल म्हणाला. "हो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी पहाटे, आपल्या वर्षाचा आरंभ आपणच करावा म्हणून बन्सीलाल सगळ्यांच्या आधी उठला. लोटा भरला, गावखरीच्या वाटेवर आला. कुंपणाच्या वाटेवर काठी आडवी पडली.

"कोन शे?"

बन्सीलालला आठवलं. भाऊ झाला, गाव झालं, बैलसुद्धा झाला. उखाला सांगायचं राहून गेलं होतं.

"उखा, अरे आता मोकळं आहे! हुकूम बदलला!"

"कोनी बदला?"

"मी!"

"तुम्ही सांगेल शे, मी उनू तरी..."

"माहीत आहे रे, माहीत आहे!"

"मंग गावदेखत सांगा," उखा शांतपणे म्हणाला. "पहिलं बी गावदेखतच सांगेल व्हतं."

वाद घालायची ती वेळ नव्हती. बन्सीलाल घाईघाईने नाल्याकडे वळला. पलीकडे, अंधारात, रतिलाल उरलेला आडोसा सरळ करत होता. पावलांचा आवाज ऐकून त्याने न बघताच विचारलं,

"दादा ना?"

"हो," बन्सीलाल म्हणाला. "आजच्यापुरतं तुझं."